चुकून आणि मुद्दाम

क्लोरीन मी पहिल्यांदा पाहिला तो बोटभर लांबीच्या, दोन्हीकडून बंद केलेल्या काचनळीत. पिकू लागलेल्या लिंबासारखा रंग, आणि इतका निवांत की नळीत काही आहे हेच आधी कळलं नाही. कारखान्यातल्या माझ्या पहिल्या साहेबांनी ती नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "ह्याला घाबरायचं नाही. पण ह्याच्याकडं पाठही करायची नाही." मी तेव्हा नुकती सांगलीहून केमिकल इंजिनिअरिंग शिकून आले होते. परीक्षेत क्लोरीनवर पानंच्या पानं लिहिली होती, पण तो असा समोर कधी आला नव्हता. मी नळीकडं बघत राहिले आणि नकळत श्वास रोखून धरला.

आमचा कारखाना कराड ओलांडून सांगलीकडं जाताना लागतो. चारी बाजूंनी ऊस, मध्ये तो. गावोगावच्या नळपाणी योजनेत जी पांढरी पावडर टाकतात, ती आम्ही बनवतो. त्यासाठी क्लोरीन लागतो, आणि तो येतो पिवळ्या, माणसाहून लांब अशा लोखंडी नळकांड्यांत. त्यांना आम्ही टोनर म्हणतो, कारण एकेकात टनभर वायू दाबून भरलेला असतो. जो वायू माणसाचा जीव घेऊ शकतो, त्याच्याच चिमूटभर अंशामुळं लाखो घरांतलं पाणी पिण्याजोगं होतं, ह्या गोष्टीचं मला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटतं.

पुढं मी सेफ्टीकडं आले. वाईला घरी गेले की आई शेजारणींना सांगायची, "आमची कारखान्यात सुरक्षेत आहे." मग एखादी विचारायची, "म्हणजे गेटवर असते का?" मी हसून सांगायची की नाही हो, गेटवर असतात ते वेगळे. मराठीत दोघांनाही सुरक्षाच म्हणतात, पण आम्ही कारखान्यात एकाला सेफ्टी आणि दुसऱ्याला सिक्युरिटी म्हणायचो. आमची ऑफिसंही आवाराच्या दोन टोकांना होती. सेफ्टी म्हणजे मी, माझे नकाशे आणि वायूपासून वाचवणारे माझे मुखवटे. सिक्युरिटी म्हणजे गेट, रजिस्टर आणि जाताना डबे उघडून बघणारे वॉचमन. अकरा वर्षांत मी त्या ऑफिसात फक्त गाडीची किल्ली विसरले म्हणून एकदा गेले होते.

मग सुभेदार आले.

ते कुंडलच्या बाजूचे. फौजेत इंजिनिअर पलटणीत होते, निवृत्त होऊन दोन वर्षं घरचा ऊस केला आणि मग आमच्याकडं सिक्युरिटीचे प्रमुख म्हणून रुजू झाले. उंच, सावळे, मिशा पांढऱ्या झालेल्या. बोलायचे कमी. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्या ऑफिसच्या दारात उभं राहून विचारलं, "मॅडम, तुमची ती नकाशावाली मीटिंग असती, तिला मी बसलो तर चालंल का?"

ती मीटिंग म्हणजे आमचं वर्षाचं सगळ्यांत मोठं काम. टेबलावर कारखान्याचे नकाशे पसरायचे आणि एकेका पाइपवर बोट ठेवून विचारायचं: इथं प्रवाह वाढला तर? थांबला तर? उलटा आला तर? आणि ते का होईल? पाइपाच्या सांध्यातलं गॅस्केट झिजलं, वीज गेली, ऑपरेटर विसरला, चुकून दुसराच व्हॉल्व्ह उघडला. सगळं लिहायचं, आणि प्रत्येकावर आपण काय उपाय ठेवलाय तेही लिहायचं. ह्या कामाचा मला अभिमान होता. जगात जे जे बिघडू शकतं ते ते आम्ही त्या रजिस्टरमध्ये आधीच बिघडवून बघितलंय, अशी माझी समजूत होती.

सुभेदार दोन दिवस कोपऱ्यात बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टोनर शेडचं पान आलं तेव्हा त्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"मॅडम, हितं तुमी लिवलंय, व्हॉल्व्ह चुकून उघडला तर काय करायचं. बराबर हाय. पर कुणी मुद्दाम उघडला तर?"

खोलीत कुणीतरी हसलं. प्लांट हेड म्हणाले, "सुभेदार, ही काय बॉर्डर आहे का?"

"न्हाई साहेब," ते शांतपणे म्हणाले, "बॉर्डरवर निदान समोरचा कुणीकडचा ते कळतंय."

मी म्हणाले, "चुकून उघडला काय आणि मुद्दाम उघडला काय, वायू तोच. उपायही तेच."

ते म्हणाले, "मॅडम, गॅस्केट खराब व्हताना वारं कुणीकडचं हाय ते बघत न्हाई. माणूस बघतो. गॅस्केटला म्हाईत नसतंय की सायरन कुठं हाय. माणसाला म्हाईत असतंय. गॅस्केट एका जागी फाटतं. माणूस आधी आगीत दार फोडायची तुमची कुऱ्हाड लपवतो, मग आग लावतो."

आमचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा होता: एक उपाय फसला तर दुसरा असतो, आणि दोन्ही एकाच वेळी फसणं जवळपास अशक्य. यंत्रांच्या बाबतीत हे खरंच होतं. पण ज्याला दोन्ही ठाऊक आहेत अशा माणसाच्या बाबतीत? पानंच्या पानं भरलेलं ते रजिस्टर माझ्यासमोर होतं आणि त्यात माणूस होता तो फक्त विसराळू, झोपाळू, घाईतला. रागावलेला माणूस त्यात कुठंच नव्हता. मला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर. भव्य काहीतरी अचानक समोर आल्यावर वाटतं तसं वाटलं. पसरणीचा घाट चढून वर आल्यावर खालचं अख्खं खोरं एकदम दिसतं, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चला मॅडम, तुमचा कारखाना तुमाला दावतो." आणि मला गेटाबाहेर घेऊन निघाले.

अकरा वर्षं मी आतून बाहेर बघत आले होते. बाहेरून आत कधीच बघितलं नव्हतं. भिंतीच्या कडेकडेनं, उसाच्या बांधावरून आम्ही चाललो. ऊस भिंतीहून उंच झालेला. पाती हातांना कापत होती. सुभेदार मधेच थांबायचे आणि नुसतं बोट दाखवायचे. इथं भिंतीला पाण्याचा पाट लागून गेलाय, खालून माती खचलीय. हितनं टोनर मोजता येतात, बघा, एक, दोन, तीन. ह्या बाभळीवरनं कंट्रोल रूमच्या खिडकीतला माणूस दिसतो. मी ज्या गोष्टींजवळून रोज जात होते त्या मला अनोळखी वाटू लागल्या. त्यांना प्रत्येक जागी दोन माणसं दिसायची, एक राखणारा आणि एक आत शिरणारा, आणि दोघांच्याही डोळ्यांनी ते एकाच वेळी बघू शकत होते.

बांधावर एक शेतकरी पाणी पाजत होता. तो ओरडला, "काय सुभेदार, मॅडमना ऊस दावाय आणलं व्हय?"

"व्हय गड्या. तू रोज हितं असतोस, कोण अनोळखी फिरताना दिसलं तर काय करतोस?"

"काय करायचं? रामराम घालतो."

सुभेदार हसले. "तसं कर. पर मग मला फोन बी कर."

गेटाजवळ परत आलो तेव्हा त्यांनी मला माझाच फलक दाखवला. मोठा, रंगीत, मीच हौसेनं करून घेतलेला. कुठं काय साठवलंय, किती साठवलंय, कुठून कुठं पाइप जातो, सगळं त्यावर होतं. "ह्यो कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"गावासाठी. शेजारी काय आहे हे लोकांना कळायला हवं. तो त्यांचा हक्क आहे."

"हाय की. पर पळायचं कुठं ते ह्यात कुठं हाय?"

ते त्यावर नव्हतं. फलकाचं भांडण मात्र मी सोडलं नाही, ते पुढं बरंच चाललं.

त्याच महिन्यात आमची मॉक ड्रिल होती. सायरन वाजला, सगळे ठरल्याप्रमाणे मागच्या दारानं बाहेर पडून वाऱ्याच्या आडव्या दिशेला असलेल्या मैदानात जमले. मी घड्याळ बघितलं. गेल्या वेळेपेक्षा लवकर झालं होतं आणि मी खुशीत होते. हजेरी घेऊन मी मुखवटा काखेत धरून टोनर शेडकडं गेले, आणि जागीच थांबले.

शेडच्या बाहेर, जमिनीवर मारलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं, सावलीला एक बाई बसली होती. साठीच्या आसपासची, नऊवारी नेसलेली. शेजारी उसाच्या वाढ्याचा भारा ठेवलेला. मांडीवर फडकं सोडून ती भाकरी खात होती.

"तुम्ही कोण? आत कशा आलात?" माझा आवाज चिरकला.

"आवं बाई, मागचं दार सताड उघडं हुतं. समदी पळत हुती. मला कुणी न्हाईच इचारलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "घोटभर पाणी मिळंल का?"

मागून सुभेदार आले, आणि त्यांच्यामागं प्लांट हेड. "मॅडम, ह्या आमच्या मंडळी," सुभेदार म्हणाले. "साहेबांची परवानगी घेतली हुती. पट्ट्याच्या आत जायचं न्हाई असं सांगून ठेवलं हुतं."

प्लांट हेडचा चेहरा पांढरा पडला होता. परवानगी त्यांनी चेष्टेतच दिली असावी. सुभेदारांच्या मंडळी भाकरीचा उरलेला तुकडा बांधत म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलं म्हणून आले बाई. न्हाईतर ह्या वासाच्या जागेत कोण बसतंय!"

जीव वाचवायला म्हणून आम्ही जी दारं उघडत होतो, ती उघडी आहेत हे ठाऊक असलेल्या कुणालाही तीच आत घ्यायला तयार होती. मी मोजलेली मिनिटं बरोबर होती. पण त्या मिनिटांत कारखान्याला कुणी धनीच नव्हता. आणि हे मला दाखवायला लागलं काय, तर एक भारा आणि एक भाकरी.

सुभेदारांनी दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराला कुलूप ठोकलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन ओरडले, "गॅसमधून पळत आलेल्या माणसानं किल्ली शोधायची का? हे कुलूप म्हणजे खून आहे, सुभेदारसाहेब!"

"आन् उघडं ठेवलं तर?"

"ते मला माहीत नाही. पण कुलूप मी राहू देणार नाही."

मी तरातरा निघून आले. संध्याकाळी शिफ्ट सुटताना ते माझ्या दारात आले. अंगावर घाम, केस विस्कटलेले, हातात तोंडावर चढवायचा मुखवटा. त्यांनी टेबलावर किल्ली ठेवली.

"मॅडम, हे तोंडाला लावलं, काचेवर फडकं बांधलं, आन् शेडपासनं दारापर्यंत पळालो. चार बारी. कुलपाचं भोक एकदा बी सापडलं न्हाई." मग म्हणाले, "तुमचं खरं हाय. माझं चुकलं."

हातात अधिकार असलेल्या माणसाला "माझं चुकलं" म्हणताना मी कारखान्यात क्वचितच ऐकलंय, आणि तेही स्वतःच्या छातीचा भाता करून खात्री करून घेतल्यावर. मी त्यांना खुर्ची दिली. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा एका टेबलावर एकच नकाशा घेऊन बसलो. दार असं हवं की आतून नुसतं अंगानं ढकललं तरी उघडेल, बाहेरून मात्र उघडणार नाही, आणि उघडलं की दोन्ही ऑफिसांत घंटा वाजेल. असं दार मिळतं. ते बसवायला जेमतेम दीड दिवस लागला. ते सुचायला मात्र आधी आम्हाला भांडावं लागलं.

पुढचं अर्धं वर्ष आम्ही ते जाडजूड रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. "चुकून" ह्या शब्दाशेजारी आम्ही एक नवा रकाना आखला: "मुद्दाम". प्रत्येक पाइपवर बोट ठेवून मी सांगायची की इथं सर्वांत वाईट काय होऊ शकतं, आणि ते सांगायचे की इथवर माणूस कसा पोचेल. काही व्हॉल्व्ह असे केले की धोक्याच्या वेळी कॉम्प्युटरनं काहीही सांगितलं तरी ते आपोआप बंदच होतील. टोनरच्या तोंडावर कुलपाच्या टोप्या आल्या. शेडमध्ये एकट्यानं जायचं नाही असा नियम झाला. शेडच्या भिंतीत एक बटण बसवलं. ते दाबलं की सायरन वाजत नाही, फक्त माझ्या आणि सुभेदारांच्या टेबलावर एकेक लाल दिवा लागतो. सायरन कधी वाजवायचा आणि कधी नाही, हे दोघांनी मिळून ठरवायचं. कितीतरी जागी असं निघालं की आम्ही वस्तू कमी साठवली, की त्यांचीही अर्धी चिंता आणि माझीही अर्धी चिंता एकदमच कमी होते. अशा वेळी आम्ही दोघं एकमेकांकडं बघून पोरांसारखे हसायचो.

तो लाल दिवा लागला तो वार्षिक देखभालीच्या दिवसांत, दुपारच्या जेवणानंतर.

देखभालीला कारखाना बंद असतो आणि बाहेरच्या ठेकेदारांची माणसं शेकड्यानं आत असतात. लगेच फोन वाजला. सुभेदार म्हणाले, "शेडमधले दोघं ऑपरेटर बटण दाबून भाईर आल्यात. आत एक माणूस बसलाय. हातात पान्हा हाय. तुमालाच बोलवतोय."

तो एका ठेकेदाराकडचा फिटर होता. माझ्या सेफ्टीच्या वर्गातला सर्वांत हुशार. इतर जण मागं बसून पेंगायचे, तो पुढं बसून विचारायचा, "मॅडम, ह्यो व्हॉल्व्ह अडकला तर मग कुठला?" मी कौतुकानं फळ्यावर काढून दाखवायची. तीन महिन्यांपूर्वी त्याला कामावरून कमी केलं होतं. त्या दिवशी दुसऱ्याच्या पासवर, घोळक्यातून तो आत आला होता. शेडच्या एका ऑपरेटरनं त्याला ओळखलं आणि "परत घेतलं व्हय रं तुला?" असं आनंदानं विचारून आत घेतलं. आमच्या सगळ्या कुलपांतून तो ओळखीच्या माणसाचा हात धरून पार झाला होता.

सुभेदार शेडच्या अलीकडं उभे होते. जुने दिवस असते तर सिक्युरिटीची पाच माणसं काठ्या घेऊन आत घुसली असती, मी सायरन वाजवला असता, शेकडो माणसं एकमेकांना तुडवत पळाली असती. आम्ही ह्यातलं काहीच केलं नाही. पाइपलाइन रिकामी होती, मुख्य व्हॉल्व्ह बंद होते, टोनरच्या तोंडावर कुलपं होती. वायू ओढून घेणारी यंत्रणा मी सुरू करायला सांगितली. वारा जात होता त्या बाजूची माणसं मुकादमांनी चहाच्या निमित्तानं एकेक टोळी करून मैदानात हलवली. पोलिसांना कळवलं होतं. गावातल्या सरपंचांना सुभेदारांनी स्वतः फोन केला.

"ती कुलपं हायत तवर तासाभरात त्याच्यानं काय व्हणार न्हाई," सुभेदार हलक्या आवाजात म्हणाले. "पर त्यो तासभर तसाच बसू द्यायचा न्हाई. तुमी बोला. मी तुमच्या मागंच हाय. पट्ट्याच्या आत जाऊ नका."

मी मुखवटा गळ्यात अडकवून पिवळ्या पट्ट्यापाशी गेले. शेडच्या उघड्या तोंडातून तो दिसत होता, एका टोनरला टेकून खाली बसलेला. तो लोखंडी पिवळा ढीग आणि त्यापुढं तो एवढासा माणूस. मला एकदम जाणवलं की ह्या सगळ्या दाबापेक्षा, सगळ्या टनांपेक्षा ह्याच्या मनात आत्ता जे चाललंय ते मोठं आहे. आणि ते मोजायचं एकही यंत्र माझ्याकडं नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "माझा अर्ज वाचला का तुमी?"

"कुठला अर्ज?"

त्यानं डावा हात वर केला. दोन बोटं मिटतच नव्हती. "पाइपाचा लोखंडी फ्लँज पडला हुता ह्यावर. ठेकेदार म्हणला, लिवून देऊ नको, काम जाईल. मी तरी तुमच्या ऑफिसात लिवून दिलं. मग काम गेलंच. तुमी म्हणायचा, बारीक जखम बी लपवू नका, मी हाय. चार बारी गेटवर आलो. आत सोडलं न्हाई."

मला तो अर्ज आठवला. म्हणजे वाचल्याचं आठवलं नाही, आल्याचं आठवलं. देखभालीच्या तयारीच्या कागदांखाली गेला होता. सांगायला कारणं पुष्कळ होती. पण समोर ती दोन बोटं होती.

"नाही वाचला," मी म्हणाले. "आला होता. माझ्याच टेबलावर आहे. माझी चूक आहे."

बहुतेक त्यानं वेगळ्या उत्तराची तयारी केली होती. मग त्यानं टोनरच्या टोपीवरच्या कुलपावर पान्हा हळूच टेकवला. माझ्या मागून सुभेदार बोलले, दटावणीचा सूरही न लावता, "गड्या, त्या उसाच्या पलीकडं पोरं वर्गात बसल्यात. शाळा हाय तिथं. तुझी कुठल्या शाळेत हायत रं?"

"तिथंच," तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा वाकडा झाला.

थोड्या वेळानं त्यानं पान्हा पट्ट्यावरून माझ्याकडं सरकवला. लोखंडाचा तो घसरत येणारा आवाज मला अजून कानांत ऐकू येतो. सुभेदार आत गेले, त्याला उठवलं आणि खांद्यावर हात ठेवून बाहेर आणलं. त्याचा हात मागं पिरगाळला नाही. मी तिथंच कठड्यावर बसले. सुभेदारांनी बाटली पुढं केली. मी प्याल्यावर उरलेलं पाणी त्यांनी एका दमात संपवलं, आणि का कोण जाणे, मला धीर आला.

पोलिसांत जे व्हायचं ते झालं. मी जबाब दिला तेव्हा त्याचा अर्ज कुठं पडला होता तेही लिहून दिलं. वकिलांनी सांगितलं होतं की गरज नाही. मी दिलं. तो काही महिने आत होता, मग जामिनावर सुटला. त्याच्या हाताची दुखापत अखेर कामावरची म्हणून नोंदली गेली, आणि त्या ठेकेदाराला आमचं गेट बंद झालं. खटला अजून चालू आहे. तो आता गावात विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो असं ऐकते. मी त्याला भेटायला गेलेले नाही. जावं असं वाटतं आणि जाववत नाही.

"मुद्दाम"च्या रकान्यात आम्ही त्यानंतर एक ओळ घातली, ती सुभेदारांनी सांगितली आणि मी लिहिली: कुणाचीही तक्रार सात दिवसांत ऐकून घेतली गेली का? तपासायला आलेल्या एका तज्ज्ञांनी विचारलं, हे इथं कशाला, हे तर कामगार खात्याचं. सुभेदार म्हणाले, "साहेब, हेच तर पहिलं कुलूप."

फलकाचं भांडण गेल्या वर्षी मिटलं. कुठला पाइप कुठं जातो ते फलकावरून गेलं. पण गावाला अंधारात ठेवायचं नाही हे माझं म्हणणं राहिलं. त्याऐवजी आम्ही दोघं गावात जाऊन बसायला लागलो. वास कसा असतो, आला तर काय करायचं, ओलं फडकं नाकाला, खालच्या जागी थांबायचं नाही, वाऱ्याच्या आडवं चालायचं. पहिल्या बैठकीला एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पर वारं कुणीकडचं हाय ते आमाला कसं कळायचं? तुमच्या कारखान्यावरची ती कापडी नळी हितनं दिसत न्हाई."

वाऱ्याची दिशा दाखवणारी आणखी एक नळी गावात उभारावी लागेल, असं काहीतरी मी बोलू लागले. तेवढ्यात मागं बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "कशाला? देवळावर झेंडा हाय की."

गेल्या महिन्यात गावासह पहिली तालीम झाली. सकाळी दहाची वेळ. मी देवळाच्या पारावर उभी होते, सुभेदार शाळेपाशी. सायरन वाजला. मला वाटलं होतं की गोंधळ उडेल, पोरं रडतील, कुणी हसेल. तसं काही झालं नाही. दुकानातले, पिठाच्या गिरणीवरचे, शाळेच्या मैदानातली रांगेतली पोरं, डोक्यावर भारे घेऊन निघालेल्या बाया, सगळे जागच्या जागी थांबले आणि सगळ्यांनी माना वर केल्या. गावात दोन शिखरं आहेत, एक देवळाचं आणि पलीकडच्या आळीत जैनांच्या बस्तीचं, म्हणजे मंदिराचं. दोन्हींवरचे झेंडे एकाच दिशेला फडफडत होते. अख्खं गाव क्षणभर आभाळाकडं तोंड करून उभं होतं. मग एका आजोबांनी काठीनं दिशा दाखवली आणि गाव शांतपणे वाऱ्याला आडवं, उसाच्या वाटेनं चालू लागलं.

मी पारावरून उतरले आणि त्यांच्यामागून चालू लागले.